कोकणातलं हॉस्टेल सोडताना: कागदांपासून टेम्पोपर्यंत

रत्नागिरी, चिपळूण, दापोली, लोणेरे, कुडाळ, सावंतवाडी अशा ठिकाणी शिकायला आलेल्या आणि वर्षअखेरीला पहिल्यांदाच खोली रिकामी करणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. मी रत्नागिरीत हॉस्टेलवर राहून शिकलो. नंतरही दर मे महिन्यात कुणा ना कुणा ज्युनिअरचा फोन येतो आणि प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं.

सामान भरायला एक रात्र पुरते. लोक अडकतात ते क्रम चुकल्यामुळे. गाद्या बांधून होतात, टेम्पो दारात येतो आणि तेव्हा कळतं की लायब्ररीची सही राहिली आहे आणि ग्रंथपाल मॅडम सोमवारपर्यंत रजेवर आहेत. म्हणून आधी तारीख, मग ऑफिस आणि सगळ्यात शेवटी बॅगा.

१. तारीख ठरवा

पुण्यात किंवा नागपुरात हॉस्टेल कधीही सोडता येतं. कोकणात मे महिन्यात तीन गोष्टी एकाच वेळी येतात: आंबा, चाकरमानी आणि मे संपता संपता पाऊस. तुमची तारीख या तिघांना चुकवून काढायची आहे.

चाकरमान्यांचं गणित समजून घ्या. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत गर्दी मुंबईकडून कोकणाकडे वाहते. त्या दिवसांत मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या रिकाम्या नसतात, पण जागा मिळण्याची शक्यता बरी असते. मेचा शेवटचा आठवडा लागला की वारं फिरतं. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्यामुळे तोवर सगळी मुंबई परतीला लागलेली असते. तेव्हा कोकणकन्या, मांडवी, तुतारी, जनशताब्दी कशाचीच आशा धरू नका. परीक्षा १० मेच्या आसपास संपत असेल तर ‘चार दिवस आरामात राहू, आरे-वारेला जाऊ, मग निघू’ हा बेत आवरता घ्या. आरे-वारे कुठे जात नाही, तिकीट मात्र जातं.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तेव्हा परीक्षेचं अंतिम वेळापत्रक बहुधा लागलेलं नसतं आणि प्रॅक्टिकल, व्हायवा तर शेवटपर्यंत हलत राहतात. तरीही अंदाजाच्या तारखेनंतर दोन-तीन दिवस सोडून तिकीट काढून ठेवा. रद्द केलं तर थोडे पैसे कापले जातील, पण तत्काळच्या भरवशावर राहण्यापेक्षा ते परवडतं. तत्काळ गाडीच्या आदल्या दिवशी उघडतं, एसीसाठी सकाळी १० वाजता आणि बाकीच्यांसाठी ११ वाजता. ऑनलाइन काढायचं तर खात्याला आधार जोडलेलं लागतं, हे आधीच करून ठेवा.

पाऊस साधारण ७ जूनच्या आसपास तळकोकणात येतो असं आपण धरून चालतो. २०२५ मध्ये तो २५ मेलाच येऊन थडकला होता. तेव्हा ‘जून लागला की बघू’ हे सोडा आणि २० मेच्या आत सामान हलवा. शिवाय कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्याच्या सुमारास सुरू होतं. त्यात गाड्यांचा वेग कमी असतो आणि मधल्या स्टेशनांवरच्या वेळा बऱ्याच बदलतात. त्या दिवसांतलं तिकीट असेल तर वेळ नव्याने तपासा, मित्राच्या आठवणीवर जाऊ नका.

२. एका फोल्डरमध्ये हे कागद

कॉलेजप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल, पण बहुतेक ठिकाणी हेच मागतात:

– प्रवेशाच्या वेळी भरलेल्या अनामत रकमेची मूळ पावती
– हॉस्टेलचं ओळखपत्र आणि कॉलेजचं ओळखपत्र
– वर्षभराच्या हॉस्टेल फी आणि मेसच्या पावत्या
– खोली ताब्यात घेताना सही केलेली सामानाची यादी (पलंग, गादी, कपाट, टेबल, पंखा, ट्यूबलाइट)
– स्वतःच्या नावाच्या बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत किंवा रद्द केलेला चेक
– खोली सोडत असल्याचा अर्ज, काही ठिकाणी पालकांच्या सहीसह
– आधारची प्रत

प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर फोटो ठेवा. अनामतीची मूळ पावती हरवली असेल तर शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. ऑफिसला आजच लेखी कळवा. साध्या कागदावर हमीपत्र घेऊन काम होतं, पण त्यावर प्राचार्यांची किंवा रेक्टरची सही लागते आणि ते मे महिन्यात रोज जागेवर असतीलच असं नाही.

महाडीबीटीवर वसतिगृह निर्वाह भत्ता किंवा दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वसतिगृहात राहत होता’ असा दाखला याच वेळी घेऊन ठेवा. पुढे अर्जात त्रुटी निघाली तर हाच दाखला अपलोड करावा लागतो आणि तेव्हा तुम्ही तीनशे किलोमीटर लांब असता.

शेवटच्या वर्षाला असाल तर टीसी, मायग्रेशन आणि गुणपत्रिका मित्राने आणावी म्हणून सही केलेलं अधिकारपत्र आताच लिहून द्या. कॉलेजचा ईमेल कधीही बंद होऊ शकतो, त्यातलं हवं ते आपल्या खात्यावर पाठवून घ्या.

३. ना-देय दाखला: कुठे आधी, कुठे नंतर

ऑफिसमधून ‘नो ड्यूज’चा फॉर्म मिळतो आणि त्यावर पाच-सहा खात्यांच्या सह्या लागतात. मुलं फॉर्म घेऊन सरळ ऑफिसच्या खिडकीशी रांग लावतात. ती सही शेवटची असते, तिथे आधी जाऊन काही होत नाही.

सुरुवात लायब्ररीपासून करा, कारण वेळ तिथेच जातो. पुस्तक रूममेटच्या घरी गेलेलं असतं, दंड निघतो, किंवा परत केलेल्या पुस्तकाची नोंदच झालेली नसते. मग प्रयोगशाळा आणि वर्कशॉप, मग जिमखाना, मग मेस. मेसचं शेवटचं बिल महिना संपल्यावर निघतं, म्हणून मधेच निघणाऱ्याने मेसवाल्या काकांना आठवडाभर आधी ‘अमुक तारखेला माझं शेवटचं जेवण’ असं सांगून वहीत लिहून घ्यावं. सुट्टीला घरी गेलात त्या दिवसांची वजावट मिळत असेल तर त्याच बैठकीत मिटवा. नंतर फोनवर ती कधीच मिळत नाही. रेक्टरची सही खोली दाखवल्यावर आणि ऑफिसची सगळ्यांनंतर.

शनिवारी अर्ध्या दिवसाच्या भरवशावर राहू नका. मे महिन्यात कर्मचारीही रजा घेतात, त्यांच्याही बागा असतात, आंबा काढायचा असतो. सोमवार ते गुरुवार, सकाळी ११ ते १, ही सह्या मिळण्याची वेळ.

फॉर्मवर नसलेली एक सही म्हणजे उधारी. झेरॉक्सवाला, टपरी, रात्री ऑम्लेट-पाव देणारा, खानावळीतल्या मावशी. फिरून हिशोब चुकता करून या.

४. खोली दाखवून द्या आणि फोटो काढा

कोकणातल्या बांधकामाला ओल सुटत नाही. पावसाळ्यात भिंतीला पोपडे धरतात, कपाटाच्या मागच्या बाजूला काळी बुरशी येते, लोखंडी पलंग खाऱ्या वाऱ्याने गंजतो. यातलं काहीही तुम्ही केलेलं नसतं, पण खोली तपासायला येणारा माणूस नवीन असेल तर त्याला ते तुमचंच वाटतं. म्हणून खोली पूर्ण रिकामी झाल्यावर चारही भिंती, छत, खिडकीची तावदानं, पंखा, स्विचबोर्ड, बाथरूमचा नळ आणि पलंगाखालची फरशी यांचे फोटो काढा. चालता चालता एक सलग व्हिडिओ घ्या. पहिल्या दिवसाचे फोटो असतील तर ते बाजूला ठेवा. पुढच्या वर्षी खोली घेताना मात्र फोटो काढायचेच.

भिंतीवरचे खिळे, स्टिकर, सेलोटेप काढा. टेप जोरात ओढली की रंगाचा पापुद्रा येतो. ओलं फडकं दाबून धरलं आणि पाच मिनिटांनी काढली तर नीट निघते.

तपासणी तुमच्यासमोर व्हायला हवी. ‘तू जा, मी बघून घेतो’ असं कुणी प्रेमाने म्हणालं तरी थांबा. यादीवर ‘सर्व सामान सुस्थितीत मिळाले’ असं लिहून सही घ्या, तारीख टाका, त्याचा फोटो काढा. चावी हातात द्या आणि रजिस्टरमध्ये नोंद करा. वॉचमनच्या टेबलावर ठेवून जाऊ नका. रूममेट मागे राहणार असेल तर त्याच्या-तुमच्या वस्तू कागदावर वेगळ्या लिहा, म्हणजे त्याने पंखा मोडला तर वर्गणी तुमच्याकडून निघणार नाही.

५. काय न्यायचं, काय सोडायचं

माझं स्पष्ट मत: कापसाची गादी घरी नेऊ नका. कोकणातला एक पावसाळा खाल्लेली गादी आतून दमट असते, वजनाला जड होते आणि घरी नेली की आठवडाभर वास मारते. ज्युनिअरला द्या किंवा स्थानिक गादीवाल्याला विचारा, कापूस पिंजून घेण्यासाठी काही जण ठेवून घेतात.

बादली, मग, दोरी, हँगर, कपडे वाळत घालायचा स्टँड, टेबल फॅन, ड्राफ्टर, ड्रॉइंग बोर्ड, सायकल, हे सगळं नव्या बॅचला हवं असतं. पण नवी बॅच ऑगस्टमध्ये येते आणि तुम्ही मेमध्ये निघता. त्यामुळे गिऱ्हाईक म्हणजे तुमच्या खालचं वर्ष. त्यांना एप्रिलमध्येच गाठा, शेवटच्या आठवड्यात सगळ्यांचेच पंखे विकायला निघतात आणि भाव कोसळतो. उरलेलं भंगारवाल्याला. भंगारवाल्याला खोलीत बोलावताना रेक्टरला सांगा, नाहीतर हॉस्टेलची लोखंडी खुर्चीही त्याच्या गाडीवर चढते.

चोरून वापरलेली इंडक्शन आणि पाण्याचा रॉड तपासणीआधी बाहेर काढा. पाच किलोचा छोटा गॅस सिलिंडर असेल तर ज्या एजन्सीकडून घेतला तिथेच परत करा. तो रेल्वेने, एसटीने नेता येत नाही.

६. बांधाबांध

पुस्तकांसाठी झेरॉक्सच्या दुकानातले कागदाच्या रिमचे खोके मागून घ्या. लहान असतात, मजबूत असतात आणि एका माणसाला उचलता येतात. आंब्याचे पुठ्ठ्याचे खोके मे महिन्यात गल्लोगल्ली मिळतात आणि भुरळ पाडतात, पण त्यांना हवेसाठी भोकं असतात. एखादी वळवाची सर आली की पाणी सरळ आत. भांडी, चपला, हेल्मेट यासाठी ते उत्तम. पुस्तकांसाठी नाही. कपडे गोणीत, गोणीच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी, तोंडाला सुतळी.

ओलसर काहीही बांधू नका. कपडे, चादरी, बूट, चामड्याचा पट्टा यांना दोन दिवस कडक ऊन दाखवा आणि थंड झाल्यावर भरा. गरम असतानाच पिशवी बांधली तर आत घाम धरतो. डांबराच्या गोळ्या कपड्यांत, तांदळाच्या पुरचुंड्या कॅमेरा किंवा कॅल्क्युलेटरजवळ.

कोकमाचं आगळ घरी नेणारे बरेच असतात. बाटली काठोकाठ भरलेली नको, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून घट्ट करा आणि बाटली वेगळ्या पिशवीत उभी न्या. आगळाचा डाग पांढऱ्या एप्रनवरून जात नाही. सुके बोंबील, जवळा कपाटात विसरू नका. जूनमध्ये ती खोली उघडणाऱ्याने काय पाप केलंय?

मूळ प्रमाणपत्रं, लॅपटॉप, औषधं आणि पावत्यांचं फोल्डर पाठीवरच्या बॅगेत. ती बॅग टेम्पोत जात नाही.

७. सामान कसं न्यायचं

रेल्वे. स्लीपरला ४० किलो, सेकंड क्लासला ३५ किलो सामान मोफत नेता येतं. त्यापेक्षा जास्त असेल तर पार्सल ऑफिसमध्ये लगेज बुक करा. पण कोकण रेल्वेची बरीच स्टेशनं गावापासून लांब आहेत. सावंतवाडी रोड स्टेशन शहराबाहेर आहे, रत्नागिरीचंही गावाबाहेर. दापोलीला तर रेल्वेच नाही, जवळचं स्टेशन खेड, मधे तीसेक किलोमीटरचा रस्ता. लहान स्टेशनांवर गाडी दोन मिनिटं थांबते, त्यात चार गोण्या चढत नाहीत. पुलावरून पलीकडच्या फलाटावर जायचं असेल तर हमाल मिळेल असं गृहीत धरू नका. दोन मित्र सोबत घ्या.

एसटी. घाटावर जाणाऱ्यांना हीच सोयीची: रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर, चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कऱ्हाड, माणगावहून ताम्हिणी घाटाने पुणे, सावंतवाडीहून आंबोली घाटाने कोल्हापूर-बेळगाव. मुलींना अर्ध तिकीट आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. जादा सामानाचं तिकीट कंडक्टरकडून घ्या. सामान खूप असेल तर बस जिथून सुटते त्या आगारातूनच बसा. मधल्या थांब्यावर भरलेल्या गाडीत गोण्या चढवायला कुणी तयार होत नाही. पाऊस सुरू झाल्यावर घाटांचा भरवसा नाही. वरंध घाट तर पावसाळ्यात बऱ्याचदा बंदच ठेवतात.

खासगी बसच्या डिकीतून सामान पाठवायचं असेल तर पावती मागा. क्लीनरच्या हातात पैसे देऊन पाठवलेलं खोकं पोचलं नाही तर तक्रार करायला कुणीच सापडत नाही.

टेम्पो. चौघांनी मिळून केला तर परवडतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: मे महिन्यात मुंबईकडे जाणारे टेम्पो वाशी मार्केटला आंबा घेऊन जातात. ते भरलेले असतात आणि रिकामे असले तरी हंगामाचा भाव सांगतात. कोल्हापूर-बेळगावकडचं उलटं आहे. तिकडून भाजी घेऊन रोज गाड्या खाली उतरतात आणि परत जाताना रिकाम्या जातात. भाजी मार्केटमध्ये सकाळी लवकर जाऊन विचारा, परतीच्या गाडीत सामान टाकून घेणारे ड्रायव्हर भेटतात आणि दर बराच कमी पडतो. मुंबईला जायचंय आणि आंब्याच्या हंगामात टेम्पो लागणारच असेल तर दहा दिवस आधी ठरवा.

भाव ठरवताना हमाली, टोल, ताडपत्री, थांबण्याचे पैसे हे सगळं आत आहे का ते विचारा. ताडपत्री नसलेला टेम्पो मे संपताना घेऊ नका. ‘सकाळी येतंय, तू भिया नको’ असं मालवणीत गोड सांगणारा ड्रायव्हर सकाळी नऊलाही येतो आणि दुपारी तीनलाही. म्हणून तुमचं परतीचं रेल्वे तिकीट त्याच दिवशीचं नको. सगळे पैसे आधी देऊ नका. गाडीचा नंबर आणि लायसनचा फोटो घेऊन ठेवा.

पोस्ट. फक्त पुस्तकं पाठवायची असतील तर पोस्टाची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा बघा, १ मे २०२५ पासून सुरू झाली आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पार्सल रस्त्याने किंवा रेल्वेने जातं, थोडा उशीर लागतो, पण माग काढता येतो. छापील पुस्तकंच चालतात, हाताने लिहिलेल्या वह्या आणि पत्रं त्यात घालू नका.

८. दुचाकी असेल तर

रेल्वेने पाठवायची तर आरसी, ओळखपत्र आणि तिकिटाची प्रत लागते, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि गाडी गोणपाटात बांधून द्यावी लागते. आदल्या दिवशी पार्सल ऑफिसला जाऊन त्या गाडीत जागा आहे का आणि त्या स्टेशनवर गाडी चढवतात का, दोन्ही विचारा. स्वतः चालवत नेणार असाल तर पाऊस लागायच्या आत आणि दिवसाउजेडी घाट ओलांडा. मुंबई-गोवा महामार्गावर काम चालू असलेल्या पट्ट्यांत रात्री वळणरस्ते दिसत नाहीत. एमएच-०८ किंवा एमएच-०७ ची गाडी राज्यातल्या राज्यात नेताना नवी नोंदणी करावी लागत नाही, पत्ता तेवढा बदलून घ्या.

९. पुढच्या वर्षी परत येणार असाल तर

काही हॉस्टेल सुट्टीत एका खोलीत सगळ्यांचं सामान ठेवू देतात. ठेवा, पण यादी करून एक प्रत रेक्टरच्या सहीने स्वतःकडे घ्या. प्रत्येक खोक्यावर नाव, वर्ग, फोन नंबर मार्करने लिहा, कागद चिकटवू नका, दमट हवेत डिंक सुटतो. खोकी थेट जमिनीवर ठेवलीत तर वाळवी लागते. खाली विटा आणि फळी हवी, भिंतीपासून वीतभर अंतर हवं. गावातल्या मित्राच्या घरी माळ्यावर ठेवणार असाल तर कौलं गळतात का ते विचारा, त्याला राग येणार नाही. पुस्तकं, कागद, इलेक्ट्रॉनिक वस्तू मात्र कुठेच ठेवू नका, चार महिन्यांच्या पावसात टिकत नाहीत.

१०. घरी पोचल्यावर अनामत

अनामत बहुतेक ठिकाणी निकालानंतर खात्यावर येते, कधी पुढच्या सत्रातही. अर्ज देताना पोच घ्या आणि त्यावरचा आवक क्रमांक जपून ठेवा. कॉलेजच्या गावात उघडलेलं बँक खातं पैसे येईपर्यंत बंद करू नका. हवं तर तेच खातं घराजवळच्या शाखेत वर्ग करून घ्या. दोन वर्षं एकही व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं, म्हणून अधूनमधून शंभर रुपये टाका-काढा.

महिन्याभरात काही आलं नाही तर आधी फोन, मग आवक क्रमांक घालून ईमेल, त्याची प्रत प्राचार्यांना. फोनवर ज्यांनी उत्तर दिलं त्यांचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. जुलैत प्रवेशाची धांदल असते, तेव्हा ऑफिसमध्ये कुणी फोन उचलत नाही, त्यामुळे जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच पाठपुरावा करा. शेजारच्या गावचा एखादा वर्गमित्र टीसी आणायला कॉलेजला जाणार असेल, तर त्याच्याकडे अर्जाच्या पोचेची झेरॉक्स देऊन चौकशी करायला सांगा.